लढाईशिवाय गोष्ट

सेव्हकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बायको 'अहो' म्हणते, लेक 'बाबा' म्हणते आणि बाकी सगळं जग सेव्हकाका म्हणतं. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. दुकानातून कोणी उठलं रे उठलं की गल्ल्यामागून आवाज यायचाच, "सेव्ह केलं का?" म्हणजे, खेळ जिथवर आला तिथवर यंत्रात जपून ठेवला का. पुढेपुढे ही सवय इतकी हाडात मुरली, की एकदा जिन्यात शेजारी भेटले, सामानसुमान घेऊन घर सोडून निघालेले, तर त्यांनाही काकांनी हेच विचारलं म्हणे. शेजाऱ्यांना काही कळेना. त्यांनी आपलं हो म्हणून टाकलं.

दुकान म्हणजे काय, तर बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत, चपला शिवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली एक खोली. भिंतीला ओळीने टीव्ही, प्रत्येक टीव्हीखाली खेळाचं यंत्र, समोर एकेक खुर्ची. तासाच्या भाड्याने खेळायचं. अशी दुकानं तेव्हा पुष्कळ होती, पण बाकीच्या ठिकाणी गाड्यांच्या शर्यती आणि मारामाऱ्या चालायच्या, नुसता कल्ला. काकांच्या दुकानात शांतता. कारण काकांकडे फक्त जपानी रोल-प्लेइंग खेळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या खेळांत तुम्ही चार-पाच जणांची टोळी घेऊन गावोगाव हिंडता, भेटेल त्या माणसाशी बोलता, तो काय म्हणतो ते पडद्यावरच्या चौकटीत वाचता. वाटेत राक्षस आडवा आला की पाळीपाळीने लढाई: आधी तुमचा वार, मग त्याचा वार. घाई अजिबात नाही. तुम्ही चहा पिऊन या, राक्षस बिचारा थांबलेला असतो. आणि मागे गोष्ट चालू असते, लांबलचक, महिनोन्महिने पुरणारी.

काकांच्या दुकानात एक रिवाज होता. कोणी खेळाच्या शेवटाला पोचलं की बाकीच्यांनी आपापले खेळ थांबवायचे आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. शेवटची लढाई, मग गोष्टीचा शेवट, मग ज्यांनी खेळ बनवला त्यांची वर सरकत जाणारी जपानी नावं, सगळं उभ्याने बघायचं. त्या वेळाचं भाडं काका कोणाकडूनच घेत नसत. पोस्टात काम करणारा एक दांडगा माणूस एकदा खेळ संपवून असा ढसाढसा रडला, की झेरॉक्सवाला धावत आला, त्याला वाटलं कोणीतरी गेलं.

आता काका माणूस प्रेमळ, पण या एका बाबतीत पक्के आडमुठे. त्यांचं म्हणणं एकच: गोष्ट कमवावी लागते. लढाया टाळून, कोणाकडून ऐकून, मधलं गाळून जो पुढे जातो त्याला गोष्ट भेटतच नाही. गिऱ्हाइकाने "काका, हा राक्षस हरत नाही, तुम्हीच हरवून द्या" म्हटलं की काका म्हणत, परत मागे जा, लहान राक्षसांशी लढ, हात बळकट कर, मग ये. तासच्या तास त्या लहानसहान लढाया. कंटाळा यायचा हो, खोटं कशाला बोला. पण काकांना तो कंटाळाही प्यारा होता.

हा नियम त्यांनी बायकोलाही लावला, आणि इथे मात्र मला त्यांचा राग येतो. काकू चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायच्या. बारीक बारीक स्क्रू फिरवून त्यांचे अंगठे पार आखडून गेले होते. संध्याकाळी जेवायला बसलं की त्या विचारायच्या, त्या लंगड्या राजपुत्राचं काय झालं हो? आणि काका घास हातात धरून अर्धा अर्धा तास सांगायचे. सांगायचे छानच. पण एक दिवस काकूंनी स्वतः खेळून बघितलं, आणि दहा पावलांवर लढाई, पुन्हा दहा पावलांवर लढाई, सारखी बटणं दाबा, असं करता करता अंगठे ठणकायला लागले. त्यांनी विचारलं, या लढाया सोडून नुसती गोष्ट बघता येत नाही का? काका हसले. म्हणाले, "अगं, लढाईशिवाय गोष्ट कशी मिळेल? मग ती फुकटची झाली." काकूंनी परत कधी खेळाला हात लावला नाही. ऐकत मात्र राहिल्या.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. जग पळायला लागलं. ज्याच्या त्याच्या हातात फोन आला, आणि फोनवर दोन मिनिटांत संपणारे खेळ आले. मोठ्या पडद्यावर खेळणाऱ्यांना धडाधड गोळ्या झाडायच्या होत्या, तेही जगभरातल्या अनोळखी लोकांबरोबर. पाळीपाळीने लढायला सवड कोणाला? जपानातल्या कंपन्यांनीही मग आपल्या खेळांची चाल बदलली, लढाया धावत्या केल्या, वार करा, उड्या मारा, थांबू नका. काका ते खेळ आणायचे, एक संध्याकाळ खेळायचे आणि डबीत घालून ठेवून द्यायचे. एकेक खुर्ची रिकामी होत गेली. पोस्टातला माणूस निवृत्त होऊन मुलाकडे गेला. शेवटी काकांनीही दुकान आवरलं. आता तिथे फोनची कव्हरं मिळतात.

दुकान गेलं, पण जुन्या गिऱ्हाइकांचा फोनवर एक ग्रुप राहिला. देवाशपथ सांगतो, असला कडवट ग्रुप दुसरा नसेल. कुठेही या धर्तीचा नवा खेळ आला, की आठवडाभर त्याची चिरफाड. संगीत जुन्यासारखं नाही. चित्रं फार गुळगुळीत. लढाई सोपी. आणि शेवटी काकांचा निकाल: हा खरा नाही. वर पसंतीचे डझनभर अंगठे. हे खेळ का मेले, याची कारणं त्या ग्रुपवर रोज निघायची. फोन, आजची पोरं, लोभी कंपन्या. आपण स्वतः किती वर्षांत एकही नवा खेळ आवडून घेतला नाही, हे कारण कोणी काढलं नाही.

लेक दुकानातच वाढलेली. शाळेत जायच्या आधी ती पडद्यावरच्या चौकटी वाचायला शिकली. मोठी होऊन फोनचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत लागली, तेव्हा काकांनी तोंड वाकडं केलं होतं. रंगीत गोट्या फोडायचे खेळ बनवतेस, म्हणाले. ती हसली आणि गोट्या फोडत राहिली. मग एकदा तिने कंपनीच्या मोठ्या बाईंना गाठलं, हात धुऊन त्यांच्या मागेच लागली, आणि जुन्या जपानी खेळांच्या वळणाचा एक खेळ करायची परवानगी मिळवली. माणसं मोजकी, मुदत वर्षभराची. एक नावाडीण, तिचा भाऊ हरवलाय, त्याला शोधत ती नदीकाठच्या गावागावांतून जाते, अशी गोष्ट. काकांना हे कळलं त्या दिवशी ते नुसते येरझारा घालत होते. जेवले नाहीत नीट. काकूंनी विचारलं तर म्हणाले, पोटात गडबड आहे.

वर्ष संपत आलं तेव्हा मोठ्या बाईंनी ठरवलं की बाहेरच्या लोकांना बोलावून खेळ खेळायला द्यायचा, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि मग पुढे न्यायचा की बंद करायचा ते बघायचं. लेक घरी आली. म्हणाली, बाबा, तुम्ही या. माझे वडील आहात हे सांगू नका, जुने खेळाडू म्हणून या. दारातून निघता निघता परत वळली आणि म्हणाली, "आणि खरं तेच बोला हं. मला खुशामत नको." काकांनी छाती पुढे काढली. खुशामत आणि ते?

खोली कंपनीच्या इमारतीत, काचेच्या भिंती, गार हवा. लांब टेबलाभोवती दहा-बारा जण, बहुतेक तरुण. प्रत्येकासमोर एक फोन. लेक कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली, बापाकडे न बघण्याचा कसोशीने प्रयत्न करत. काकांनी कानाला हेडफोन लावला आणि खेळ सुरू केला.

आणि खरं सांगायचं तर ते हरखून गेले. वल्ह्याचा पाण्यात पडणारा आवाज ऐकूनच त्यांच्या अंगावर काटा आला. गावातली माणसं भेटत होती आणि प्रत्येकाचं बोलणं वेगळं होतं, कोणी तिरसट, कोणी बोलघेवडं. एका अंगणात नावाडणीला परक्यांच्या दोरीवर भावाचं पांघरूण वाळत घातलेलं दिसतं. ती काही बोलत नाही, नुसती उभी राहते, आणि खेळही थांबतो. काकांनी चष्मा काढून पुसला. शेजारचा पोरगा बघत होता, म्हणून डोळ्यांत काहीतरी गेल्याचं नाटक केलं.

मग पहिली मोठी लढाई आली. पाळीपाळीची, अगदी जुन्या रीतीची. काकांनी बाह्या सरसावल्या आणि त्यांना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बटण दिसलं. त्यावर लिहिलं होतं, लढाई आपोआप होऊ दे. काकांनी ते दाबून बघितलं. टोळी आपली आपण लढली, जिंकली, आणि गोष्ट पुढे सरकली. बोटही हलवावं लागलं नाही. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना वाटलं, माझ्या पोरीने हे केलेलं नाही. वरच्यांनी तिच्या गळी उतरवलंय. आता आपण आवाज उठवला तर तिचे हात मोकळे होतील, वेळ मिळेल, माणसं मिळतील आणि ती मनासारखा खेळ करेल. चांगुलपणाने केला हा विचार, ते मी नाकारत नाही.

दुपारी सगळ्यांना बोलायला सांगितलं. तरुण मंडळी गुळमुळीत बोलली: बरा आहे, जरा संथ आहे, चित्रं गोड आहेत. मग काकांची पाळी आली. दुकान बंद झाल्यापासून काकांना समोर बसून ऐकणारी माणसं मिळाली नव्हती. ते बोलले, आणि काय बोलले! जुन्या खेळांची थोरवी सांगितली, कष्टाने मिळवलेल्या शेवटाचं सुख सांगितलं. मग त्या बटणावर घसरले. "गोष्ट कमवावी लागते, बाई," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "ज्याला लढाईचा कंटाळा, त्याने गोष्ट मागू नये. हा आमचा खेळ नाही. असं अर्धवट करायचं असेल, तर करूच नका."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई मान हलवत होत्या. लेक लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती, काकांना वाटलं, लिहून घेतेय. घरी जाताना ते बसमध्ये उभेच राहिले, जागा असून. ग्रुपवर लिहिलं, आज खरं बोलून आलो. अंगठ्यांचा पाऊस पडला.

पुढच्या आठवड्यात लेक आली. काकू बाजारात गेल्या होत्या. काका उत्साहाने विचारायला गेले, काय म्हणाल्या तुमच्या बाई? लेक चप्पल न काढता दारातच उभी होती. तिने सांगितलं की खेळ बंद केला. बाई म्हणाल्या, तरुणांना तो संथ वाटतो ते ठीक, ते धरूनच चाललो होतो. पण ज्यांच्यासाठी करतोय तेच म्हणत असतील की करू नका, तर कोणासाठी करायचा? काकांचं वाक्य त्यांनी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं. लेकीच्या हाताखालची माणसं दुसऱ्या खेळांवर वाटून टाकली होती. ती सोमवारपासून परत गोट्यांच्या खेळावर.

काका खुर्चीत बसले. मला वाटलं ते तुला अजून वेळ देतील, असं कसंबसं म्हणाले. दुकानात असंच व्हायचं ना, गिऱ्हाइकाने नावं ठेवली की आपण सुधारायचो. लेकीने विचारलं, "बाबा, खेळ आवडला होता का तुम्हाला?"

काका भडाभडा बोलायला लागले. ते पांघरूण, तो वल्ह्याचा आवाज, ती बोलघेवडी म्हातारी, आणि तू किती बारकाईने... गेल्या कित्येक वर्षांत इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, असंही म्हणाले.

"मग हे का नाही सांगितलंत तिथे?"

"ते तर दिसतच होतं की सगळ्यांना," काका म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. चांगलं असतं ते दिसतं, बोलायचं असतं ते चुकलेलं, हीच त्यांची उभ्या आयुष्याची रीत. लेकीने मान हलवली. ती रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर काकांना सोपं गेलं असतं. काकांनी विचारलं, ते बटण कोणी घालायला लावलं तुला? बाईंनी? ती म्हणाली, नाही, मीच घातलं. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, होतं कोणासाठी तरी. आणि आईची वाट न बघताच गेली.

त्यानंतर काका ग्रुपवर काही लिहीनासे झाले. तिथे एक नवा खेळ आला होता, नेहमीसारखी चिरफाड चालली होती, लोक विचारत होते, काका, तुमचा निकाल? काकांनी ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला. घरातही त्यांचं लक्ष लागेना. जेवताना काकू काहीबाही विचारायच्या, ते हूं हूं करायचे.

एका रविवारी दुपारी काका खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. काकू आतल्या खोलीतून फोन घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. जरा लाजल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. म्हणाल्या, तुम्हाला इतक्यात सांगणार नव्हते मी. पोरीनं तिचा खेळ माझ्या फोनवर घालून दिला, तेव्हाच तिला सांगितलं होतं की बाबांना कळू देऊ नकोस. म्हटलं, आख्खा खेळ संपवायचा आणि मग एक दिवस जेवताना तुम्हाला मीच गोष्ट सांगायची. इतकी वर्षं तुम्ही सांगितलीत, एकदा माझी पाळी. पण आता अडलेय हो, आणि पोरगी फोन उचलत नाही.

त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर नदी होती, होडी होती, आणि काकांनी कधीच न पाहिलेलं, डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. काकांनी त्या दिवशी कंपनीत पाहिलेली गावं केव्हाच मागे पडली होती. काकू कुठच्या कुठे जाऊन पोचल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात ते बटण होतं.

"पोरीनं माझ्या अंगठ्यांसाठी केलंय ते," काकू म्हणाल्या. "लढाया आपल्या आपण होतात, मी नुसती गोष्ट बघते. इथवर छान चाललं होतं. पण या गावात कोणी बोलतच नाही हो. हे बघा."

त्यांनी एका म्हाताऱ्यासमोर नावाडणीला उभं केलं आणि वाकड्या अंगठ्याने हळूच दाबलं. बोलायची चौकट उघडली. आत काही नव्हतं. विहिरीपाशी एक बाई होती, तिच्यापाशी गेल्या. रिकामी चौकट. दोन मुलं खेळत होती, एक माणूस दाराला टेकून उभा होता. घरं सुरेख काढलेली, खिडक्यांत दिवे लावलेले, माणसं श्वास घेतल्यासारखी किंचित हलणारी, आणि एकाच्याही तोंडात शब्द नाही. काकांना कळलं. गाव उभं करून झालं होतं. बोलणं लिहायच्या आत माणसं वाटून टाकली होती.

"माझं काही चुकलं का हो?" काकूंनी विचारलं. "मागच्या गावात मी एका बाईशी नीट बोलले नव्हते, घाईत होते. त्याचा राग धरतात का हे लोक? तुमच्या खेळात व्हायचं तसं. मागे जाऊन बघू का परत?"

काका वर्तमानपत्राची घडी करायला गेले, ती जमेना. "तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तो खेळ पुढे नाहीच. मी बंद पाडला."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, चेष्टा करतायत का ते ओळखायला बघावं तसं. मग हसल्या. "तुम्ही कशाला बंद पाडाल? तुमचंच तर आहे त्यात सगळं," त्या म्हणाल्या, आणि दाराला टेकून उभ्या असलेल्या माणसापाशी जाऊन त्यांनी पुन्हा एकदा अंगठा दाबला.